पलीकडच्या काठावरची गाडी

आमच्या ओट्यावर बसलं की मोबाइल आपोआप गुजरातमध्ये जातो. तापीपलीकडचा टॉवर पकडतो आणि मेसेज येतो, आपलं स्वागत आहे म्हणून. अरे बाबा, मी माझ्याच ओट्यावर बसलोय, कसलं स्वागत करतोस? वर्षानुवर्षं आम्ही त्या मेसेजला हसत आलो.

धरणाच्या फुगवट्यात जुनं गाव बुडालं तेव्हा निम्मी माणसं या काठावर वसली, निम्मी त्या काठावर. दोन्हीकडे गावाचं नाव तेच ठेवलं, नदीकाठी महादेवाचं देऊळही बांधलं. मधल्या पाण्यात माझे वडील, आबा, नाव चालवायचे. पुढे लांबवर पूल झाला आणि नाव बंद पडली. भाषेचं मात्र कधी अडलं नाही. समोरचा ज्या बोलीत बोलेल तिच्यातच उत्तर द्यायचं, ही आमची रीत.

त्या दुपारी आबा देवळाच्या पायरीवर बसल्या जागी कलंडले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडून बाई गुजरातीत बोलली, तसा मीही गुजरातीत सुरू झालो, अगदी झोकात. गावाचं नाव सांगितलं, नदीकाठी महादेवाच्या देवळाजवळ या म्हटलं. राज्य सांगायचं डोक्यातच आलं नाही. मूर्ख माणूस!

गाडी खरंच लवकर आली. त्या काठावर, त्यांच्या देवळापाशी.

मी टॉवेल हलवला, बेंबीच्या देठापासून ओरडलो. एवढ्या पाण्यावरून काय ऐकू जाणार? पुन्हा फोन केला. बाई बिचारी गोंधळली. पुलावरून वळसा घालून यायचं तर तास लागेल म्हणाली. शेजारी पिकअप बघायला धावला.

मी आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दुसरं काय करणार होतो? समोर ड्रायव्हर आम्हाला शोधत हॉर्न वाजवत होता. त्या आवाजाने आबांनी डोळे उघडले आणि पलीकडून कुणाची हाक आली की उठायचे तसे, डावा हात पायरीला रेटून ते उठायला लागले.

"कोनी तरी बलाई ऱ्हायनं रे," जड जिभेने म्हणाले, "नाव सोड."

मी त्यांना घट्ट धरून ठेवलं. नाव नाही आबा, नाव कधीच गेली, असं सांगायची हिंमत झाली नाही. "मी सोडस," एवढंच म्हणालो.

पिकअप आली तोवर पलीकडची गाडी निघून गेली होती. आबांचा हात माझ्या हातात गार पडला होता.