बाळंतकाढ्याच्या पुड्यांतले समुद्रघोडे

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. त्या बाई मात्र वेगळ्या आठवतात, सुती पातळ आणि त्यावर मुलाचा जुना स्वेटर घातलेल्या.

मी तेव्हा महाराष्ट्र पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर द हेगला, आपल्या वकिलातीत सुरक्षेच्या कामावर होतो. एका सकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावरून फोन आला. मुंबईहून आलेल्या एका महिलेला कस्टम्सने ताब्यात घेतलं होतं. दुभाषी हिंदीचा होता आणि बाईंना मराठीशिवाय काही धड येत नव्हतं. वरिष्ठांची परवानगी घेऊन मी गेलो. तिथे मला कसलाही अधिकार नव्हता. प्रश्न डच महिला अधिकारी विचारणार, मी फक्त भाषांतर करायचं.

खबर आधीच मिळाली होती. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेत राहणारा एक भारतीय संगणक अभियंता चिनी औषधांच्या दुकानाला सुके समुद्रघोडे पुरवतो, मुंबईहून त्याच्याकडे येणाऱ्या सामानावर लक्ष ठेवा, असं एका बाईने नाव न सांगता फोनवर कळवलं होतं. चिनी औषधांत दम्यापासून पुरुषांच्या दुर्बलतेपर्यंत अनेक तक्रारींवर समुद्रघोडा वापरतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने तो पकडायलाच बंदी आहे आणि देशादेशांतल्या व्यापारावरही नुकतीच परवान्याची अट आली होती.

ताब्यातल्या बाई या अभियंत्याची आई. सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. बॅगेत डिंकाचे लाडू, झबली-टोपडी आणि त्याखाली ‘बाळंतकाढा’ अशी चिठ्ठी लावलेले सीलबंद पुडे.

पुडे कोणाचे, या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार होतं. माझे. कोणी दिले? मीच बाजारातून घेतले. कोणत्या दुकानातून, ते आठवत नाही. मुलाचा काही संबंध नाही, हे मात्र त्या न विचारता सांगत होत्या.

अधिकारी बाईंनी एक पुडा फोडून पांढऱ्या कागदावर ओतला. घोड्यासारखी तोंडं, वळलेल्या शेपट्या, काटक्यांसारखी वाळलेली अंगं. बाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. पदर नाकाला लावून त्यांनी मला हळूच विचारलं, “हे काय आहे हो?”

मी प्रश्न होता तसा भाषांतरित केला. अधिकारी बाईंनी तो लिहून घेतला. या बाईंनी पुडे कधी उघडूनही पाहिले नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तरी त्या पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, “माझंच आहे. लिहा तुम्ही.”

ओळख पटवायला एक प्राणितज्ज्ञ आले होते. त्यांनी एक समुद्रघोडा उलटा करून पोटाची फुगलेली पिशवी दाखवली. हा नर, म्हणाले; यांच्यात पिल्लं नराच्या पोटात वाढतात. चिमट्याने पिशवी उघडली तर आत भुशासारखं काहीतरी होतं. ती पिल्लं. ते काय बोलले, असं बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं.

बायकोला घेऊन आईला न्यायला आलेल्या मुलाची चौकशी शेजारच्या खोलीत इंग्रजीतून चालू होती. त्याचा जबाब आला: मला काही माहीत नाही, बॅग आईची आहे, तिलाच विचारा. अधिकारी बाईंनी तो आईला ऐकवायला सांगितला. एकाचा जबाब दुसऱ्याला ऐकवणं ही जगभरच्या पोलिसांची जुनी रीत आहे. साथीदार त्याने फुटतात.

बाईंनी अंगावरचा स्वेटर नीट केला. मग म्हणाल्या, “तो तसं म्हणाला असेल, तर तसंच आहे, साहेब.”

मी बाहेर आलो. बाकावर सून बसली होती, दिवस भरत आलेले. मी मराठी बोलतो हे कळल्यावर ती म्हणाली, “फोन मी केला होता. दर वेळी पोस्टाने पार्सल यायचं. एक पकडलं गेलं की हा घाबरून थांबेल, असं वाटलं. आई आणतील हे मला माहीत नव्हतं.”

नवऱ्याविरुद्ध जबाब द्यायची सक्ती इथला कायदा बायकोवर करत नाही, हे मी तिला आधी सांगितलं. नाही दिला तर आईंचं काय, असं तिने विचारलं. त्यांनी गुन्हा स्वतःवर घेतलाय, मी म्हणालो. ती बाकाला धरून उठली आणि आत गेली.

तिचा जबाब ऐकवल्यावर मुलगा बोलला. पश्चात्ताप असा नव्हताच. ते मेलेलेच असतात, म्हणाला, कोळ्यांच्या जाळ्यात आपोआप येतात, मी थोडाच मारायला गेलो होतो? तज्ज्ञांचं म्हणणं वेगळं होतं. पूर्वी कोळी ते परत पाण्यात टाकत. गिऱ्हाईक आल्यापासून वेचून ठेवतात, आणि काही ठिकाणी आता जाळ्यात एकही येत नाही.

आईला त्याच संध्याकाळी सोडलं. मुलाला शिक्षा म्हणून फक्त दंड झाला, पण नोकरी गेली आणि नोकरीबरोबर राहण्याचा परवानाही. काही महिन्यांनी सगळे बाळाच्या पासपोर्टसाठी वकिलातीत आले. बाळ आजीच्या मांडीवर, शेजारी मुलगा. सून बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मी चौकशी केली तेव्हा आई मुलाकडे बघत म्हणाल्या, “चुकला, पण माझा आहे. हिने घरातलं बाहेर नेलं.”

सुनेला ते ऐकू गेलं. तिने मान वर केली नाही.

खरं बाहेर आलं की निर्दोष माणूस सुटतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. इथे तो सुटलाही. पण खरं बोलणारीला पुढे त्याच घरात राहायचं होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच फाईलमध्ये झाली नाही. भारतात परतल्यावर कोणी घरच्या माणसाची खबर घेऊन आलं, की मी जबाबाचा कागद पुढे ओढण्याआधी विचारत असे: आज इथून निघाल्यावर तुम्ही कुठे जाणार?