बदकांचे पंख बांधणारी बाय

बदकाच्या नुसत्या चालीवरून बाय त्याचे दुखणे सांगत असे. "ही डावीकडं झुकते. फरशीवर वाढवली असंल, पाय फाकले हिचे," असे ती दुसऱ्याच्या अंगणातल्या बदकाबद्दलही सांगून टाकी. तिच्या स्वतःच्या खुराड्यात कायम पेंढा अंथरलेला असे. ठाण्याच्या तळ्याकाठी, चर्चमागच्या आळीत ती एकटी राहत होती. साहेबांच्या बंगल्यांवरचे खानसामे तिची अंडी नेत. त्यावर तिचे पोट चाले.

पिल्लांना पिसे फुटू लागली की ती रोज प्रत्येकाचे पंख उघडून पाही. पिसांच्या भाराने पंखाचे शेवटचे पेर बाहेर वळलेले दिसले, की जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून ती पंख घडी करून बांधी. रोज एकदा पट्टी सोडून पाहायची, पुन्हा बांधायची, असे पाच दिवस. "हाड कवळं हाय तवर आयकते," ती म्हणे. "मंग देवानं सांगितलं तरी नाय आयकत." पट्टीबरोबर पथ्यही असे. भात बंद, फक्त शेवाळ आणि गोगलगायी.

भात बंद करणे मात्र तिच्या हातात नव्हते. चातुर्मासात मुक्या जीवाला रोज मूठभर भात घालायचा, असा नेम गावातल्या अनेक घरांनी धरलेला होता. पिल्लांच्या पिसांचे दिवसही नेमके तेच. तळ्यावर सकाळी भाताची पातेली घेऊन माणसे येत. त्यांत एक पेन्शनर शिरस्तेदार सर्वांत नेमाचे.

बाय त्यांना म्हणाली, "काका, जरा हात आखडा. भातानं पंख जड होतात, हाड फिरते."

"तू आम्हाला धर्म शिकवू नकोस."

"धर्म तुमचा, काका. बदक माजा."

हे उत्तर शिरस्तेदारांना फार लागले. मी तेव्हा ठाण्यातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. आमच्याकडे त्यांचे पत्र आले: तळ्याकाठची एक बाई बदकांच्या पिल्लांच्या मुसक्या बांधते, सरकारने लक्ष घालावे. पत्र पुढच्याच अंकात छापले. बायचे घर आमच्या कचेरीपासून पाच मिनिटांवर होते. छापण्यापूर्वी तिथे कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.

अंक निघाला त्याच दिवशी एक पोलीस शिपाई बायच्या दारात आला. सात पिल्ले पट्टीत होती, तिसरा दिवस होता. तिने त्याचा हात धरला. "दोन दिस थांब रे बाबा. परवा मीच सोडते."

"बाय, मला हुकूम आहे."

त्याने सातही पट्ट्या कातरल्या. बघ्यांनी शाबासकी दिली. कोणीतरी मोकळ्या झालेल्या पिल्लांपुढे भात टाकला.

महिन्याभरात सातही पिल्लांचे पंख बाहेर वळून ताठ झाले. ती कुंपणात अडकत, पंख सोलवटून घेत. शिरस्तेदार तळ्यावर लोकांना ती बोटाने दाखवू लागले: "पाहिलेत? बांधून बांधून मोडले बाईने!" हे साफ खोटे होते, आणि सगळ्यांनी ते खरे मानले. खानसाम्यांनी अंडी नेणे थांबवले. मी तिच्याकडे गेलो, सगळे विचारले, खुलासा लिहिला. संपादक म्हणाले, "शिरस्तेदार आपले जुने वर्गणीदार आहेत. बदकांसाठी त्यांना दुखवायचे?" खुलासा छापला नाही. माणसांची दया मी पुढे पुष्कळ पाहिली. आपण ज्याच्यावर दया करतो, त्याला काय होते आहे हे विचारण्याची तसदी त्या दयेने क्वचितच घेतली.

दिवाळीनंतर बाय बहिणीकडे, खाडीपलीकडे कळव्याला निघाली. मी धक्क्यावर गेलो. टोपल्यांच्या फटींतून ते वाकडे पंख बाहेर आले होते. नावाड्याने विचारले, "बाय, यांचे पंख असे कशान् झाले गं?"

तिने माझ्याकडे बोट केले. "यांना इचार. हे छापतात."

नावाडी माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने बांबू टेकवला आणि होडी लोटली.