अ‍ॅडॉप्टर लावलेला असताना

अनसिंगच्या वाचनालयात माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. अ‍ॅडॉप्टर लावला की लिनक्स टाकलेला त्याचा जुना लॅपटॉप आपोआप भलतीच अक्षरं टाइप करायचा. म्हणून तो पिन काढून लिहायचा आणि बॅटरी उतरली की पिन लावून हाताची घडी घालून बसायचा.

असली खोडी दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. सेटिंग तपासून झाल्यावर माझा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला. कीबोर्ड एकदम शहाणा!

“हाच ठेवा,” मी म्हणालो.

त्यानं हसून स्वतःचाच परत लावला. “राहू द्या भाऊ. माय गेली. पुण्यानुमोदनाच्या सभेत तिच्यावर बोला लागते, थे लिहून राह्यलो. मंधात जरा थांबाले भेटते.”

बॅटरी पूर्ण भरली, तरी त्यानं पिन काढली नाही.