धनुबाईंचं ‘समदं बरं शे’

माझ्या सासूबाईंना, म्हणजे रनाळ्याच्या धनुबाईंना, तब्येत विचारायची सोय नाही. अंगात ताप असला तरी उत्तर एकच, "समदं बरं शे." म्हैस आटली, विहिरीवरची मोटार जळाली, कपाशीला बोंडअळी लागली, तरी फोनवर पाहुण्यांना समदं बरंच असतं. मी नंदुरबार शहरातली, तोंडाने फटकळ. लग्न होऊन आले तेव्हा मला हे ढोंग वाटायचं. पुढे कळलं की बाईंची ही श्रद्धा आहे. वाईट तोंडातून काढलं की ते घरात येतं, असं त्या मनापासून मानतात. पोटुशी बाईबद्दल तर वाकडा शब्द कुणाला काढू देणार नाहीत.

या एका सवयीपायी त्यांच्या लेकीवर सातासमुद्रापार एकटीने बाळंत व्हायची वेळ आली होती.

लेक म्हणजे माझी नणंद, काजल. लग्नानंतर ती मेलबर्नला गेली. जावई कुंदन खाणीत इंजिनिअर. २०२१च्या उन्हाळ्यात तिने दिवस राहिल्याचं कळवलं, तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या लाटेने थैमान घातलं होतं. माझे सासरे नवलआबा नंदुरबारच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. काजल फोनवर विचारायची, आबा कुठे आहेत? सासूबाई सांगायच्या, रानात गेलेत. आबा बरे होऊन घरी आले, अंगणातल्या बाजेवर बसून पुन्हा चहात साखर कमी म्हणून कुरकुर करायला लागले, तरी काजलला यातलं काही माहीत नव्हतं.

आबा उठून बसले आणि सासूबाईंनी सुवावडीला, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला, जायचं काढलं. आता ऑस्ट्रेलिया म्हणजे काही शहाद्याचा बाजार नाही. करोनामुळे त्या देशाने आपल्या सीमा बंद केल्या होत्या. बाहेरच्या माणसाला यायचं असेल तर खास सूट मागायची, तीही सबळ आणि माणुसकीचं कारण असेल तरच. नवरा, बायको, लहान मुलं ही त्यांच्या नियमात जवळची माणसं. आईवडील त्यात बसत नव्हते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आई जवळनी नही? मंग जवळनं कोन?"

घरात त्यातल्या त्यात बरं इंग्रजी माझं, म्हणून अर्जाचं काम माझ्याकडे आलं. पण खरं सांगायचं तर ते मी स्वतःहून ओढून घेतलं. त्याला कारण आहे. मी दहावीत असताना माझी आई गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. माझ्या माहेरी करणारं कोण होतं? मी तोंड लपवून रडत होते तेव्हा सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुन्हं माहेर आठेच शे." त्यानंतर सव्वा महिना त्यांनी मला थंड पाण्याला हात लावू दिला नाही. स्वतः अंगाला तेल लावलं, शेक दिला, वाडग्यातली पेज संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. सुनेसाठी ज्या बाईने हे केलं, तिला स्वतःच्या लेकीचं करायला मिळू नये, हे मला सहनच होत नव्हतं.

पहिला अर्ज त्यांनी सांगितला आणि मी मोबाईलवर इंग्रजीत लिहिला. मजकूर असा होता: माझी मुलगी सुखात आहे. जावई देवमाणूस आहे. घरात फ्रिज आहे, कपडे धुवायचं मशीन आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. देवाच्या कृपेने कशाची कमी नाही. फक्त सुवावडीला आई पाहिजे, म्हणून येऊ द्यावे.

मी म्हटलं, आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते), एवढं सगळं चांगलं असेल तर ते तुम्हाला कशाला बोलावतील? काहीतरी अडचण लिहू या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू काजलला दगड मारायला निघाले होते.

"पोटुशी पोरनं वाईट लिखीसन त्याले मी सही करू? नही."

अर्ज गेला आणि नाकारला गेला. सबळ कारण दिसत नाही, असं सभ्य भाषेत लिहून आलं. त्या साहेबाच्या खुर्चीत मी असते तर मीही हेच केलं असतं.

सासूबाईंना वाटलं, साहेबाला आपली ओळख पटली नसेल. त्या सरळ सरपंच हिलालआप्पांकडे गेल्या. आप्पांनी लेटरहेडवर लिहून दिलं की धनुबाई या गावातील सन्मान्य महिला असून त्यांची वर्तणूक चांगली आहे, त्यांच्यावर कोणताही गुन्हा नाही आणि त्या कधी कुणाशी भांडत नाहीत. खाली गोल शिक्का. हे शेवटचं वाक्य खरं नव्हतं, पण मी गप्प राहिले. त्याचं भाषांतर करून दुसरा अर्ज पाठवला. नकार पहिल्यापेक्षा लवकर आला.

त्यानंतर एका दुपारी काजलने मला एकटीला फोन केला. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, "वहिनी, तुम्हाले एक कागद धाडस. पन आईले सांगू नका."

कागद तिच्या डॉक्टरीणबाईंचा होता. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. काजलचं याआधी एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. आम्हाला पत्ता नव्हता. या वेळी पिशवीला टाका घातला होता आणि तिला पडून राहायला सांगितलं होतं. कुंदनची खाण देशाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिकडे राज्याराज्यांच्या सीमाही बंद होत्या. तो एकदा घरी आला असता तर परत कामावर जाता आलं नसतं. नोकरी गेली की व्हिसाही गेला. पोरगी त्या घरात एकटी होती. शेजारची एक बाई दारात जेवण ठेवून जायची, तेवढंच. कागदात शेवटी लिहिलं होतं की तिची मनःस्थिती चांगली नाही, कुणीतरी जवळ असणं गरजेचं आहे.

म्हणजे आई इकडून सांगत होती समदं बरं शे, आणि लेक तिकडून सांगत होती समदं बरं शे. दोघी एका साच्यातल्या. माझं डोकंच फिरलं. पण रागवायचं कुणावर? एक गरोदर, दुसरी सासू.

आईला सांगणार नाही असा शब्द मी काजलला दिला नव्हता, ते बरं झालं. अर्ज सासूबाईंच्या नावाचा, त्याखाली सही त्यांची, आणि ऐकल्याशिवाय त्या कशावरच सही करत नाहीत. शेवटी मी ओट्यावर त्यांच्यासमोर बसले. त्या सुपात मूग पाखडत होत्या. मी म्हटलं, आत्या, आज मी वाईट वाचणार आहे. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

मी वाचलं. आधी इंग्रजी, मग त्याचा अर्थ, काही न वगळता. सूप त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत, रस्त्याकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "लिख. आते मन्हं बी लिख."

मी मोबाईल हातात घेतला.

"नवनीतना आगोदर माले एक पोर व्हयनी व्हती." नवनीत म्हणजे माझा नवरा. तो थोरला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. "तापीले पूर व्हता. मन्ही माय त्या आंगे, मी या आंगे. नावा बंद. सासू भली व्हती, पन माय नव्हती. पोर जगनी नही."

त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"पूर उतरना, मंग माय उनी. दारमा उभी ऱ्हायनी, माले इचारं, कशी शे वं? मी तिले काय सांगं, समदं बरं शे. ती बिचारी आयुष्यभर तेच धरीसन बसनी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मन्ही पोरले पूरनं पानी नही आडं. कागद आडा शे. लिख, लिख समदं."

मी तेच लिहिलं. कसलेलं इंग्रजी नव्हतं, पण एक अक्षर पदरचं घातलं नाही. खाली सासूबाईंनी सही केली, एकेक अक्षर कोरून. मूग मात्र त्या दिवशी तसेच राहिले. संध्याकाळी मी आणि आबांनी मिळून ते पाखडले, आणि आबा एकदाही कुरकुरले नाहीत.

परवानगी आली तेव्हा मी चुलीशी होते. चार ओळींचं पत्र, खाली कुणाचं नाव नाही, नुसता अर्ज क्रमांक. मी ओरडत अंगणात गेले, भाकरी जळली. सासूबाईंनी आधी विचारलं, "साहेब शे का बाई?" मी म्हटलं, कळायला मार्ग नाही. त्या म्हणाल्या, "बाईच व्हई ती. पोरेसोरेसनी," म्हणजे लेकराबाळांची, आणि त्यांनी त्या न पाहिलेल्या माणसासाठी देवापुढे दिवा लावला. आजही सणावाराला देवापुढे पहिलं नाव त्या बाईचं निघतं. नाव नाही, म्हणून ‘ती बाई’.

कधी सुरतेपलीकडे न गेलेली ही बाई दिल्लीहून विमानात बसली. पिशवीत हळीव घेऊ नका, तिकडे बी-बियाणं चालत नाही, असं मी हजारदा बजावलं होतं. तरी नेलंच. तिथे विमानतळावर ते काढून घेतलं. फोनवर म्हणाल्या, "हळीव ठी लिधं, पन माले त जाऊ दिधं." तिथल्या नियमाप्रमाणे त्यांना आधी हॉटेलच्या खोलीत कोंडून ठेवलं. दाराबाहेर जेवण ठेवणाऱ्या पोराला त्या बंद दाराआडून रोज आशीर्वाद द्यायच्या, अहिराणीतून. त्याला काय कळलं असेल ते असो.

काजलला मुलगी झाली. सुखरूप. आई शेजारी होती.

थोड्या दिवसांनी व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे सासूबाई, मांडीवर नात. डोळे ओढलेले, केस विस्कटलेले. मी सवयीने विचारलं, "आत्या, कसं शे?"

उत्तर मला पाठ होतं. पण या वेळी ते आलं नाही.

"पाय सुजेल शेतस," त्या म्हणाल्या. "पोर रातभर रडस. काजल बी रडस, जी गई तिनं नाव काढीसन. मंग मी बी रडस, मन्ही गई तिन्हासाठे. मंग आम्ही च्या पितस." त्यांनी नातीचं टोपडं नीट केलं. "तुन्हं सांग. खरं सांग."

मला इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. आई गेल्यापासून तर नाहीच. समदं बरं शे असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"आत्या," मी म्हटलं, "तुमनाबिगर घर खावाले उठस. लवकर या."

"येस वं माय, लवकर येस," त्या म्हणाल्या. "येस."