शेजारी ठेवलेलं प्रस्थान

आईला एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकही लेट मार्क मिळाला नाही. हे मला माहीत आहे, कारण हे सगळ्यांनाच माहीत आहे. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावच्या किराणा दुकानातल्या कॅश काउंटरवरच्या मुलीलाही माहीत आहे. आई साताऱ्याला एका सरकारी कचेरीत क्लार्क होती. दहाला पाच कमी असताना मस्टरवर सही करायची, आणि उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल शाईची खूण करायचं कामही तिच्याकडेच होतं. अशा बाईवर अमेरिकेच्या सरकारनं मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा ठपका ठेवला, तर ती कशी मान्य करणार? तिचं म्हणणं एकच होतं.

"मी वेळेवर निघाले होते."

निघाली होती म्हणजे काय, ते सांगते. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच एकटी आमच्याकडे आली, सहा महिन्यांसाठी. परत जायची शेवटची तारीख नेमकी पितृपक्षात येत होती, आणि मी स्वस्तात काढलेलं तिकीटही पितृपक्षातलंच. त्या पंधरवड्यात प्रवासाला निघणं तिला पटेना. मग तिनं प्रस्थान ठेवलं. दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एक पुरचुंडी शेजारी नेऊन ठेवतात, म्हणजे आपण त्या दिवशी घरातून निघालो असं धरलं जातं. खऱ्या प्रवासाच्या दिवशी पुरचुंडी उचलायची आणि चालू पडायचं. आईनं आपल्या एका रुमालात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि रुपयाचं नाणं बांधलं आणि शेजारच्या आजींकडे नेऊन दिलं.

या आजी शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हे फ्रीजमध्ये ठेवायचं का. नको म्हटल्यावर त्यांनी पुरचुंडी फायरप्लेसवरच्या शेल्फवर, आपल्या नवऱ्याच्या बोलिंगच्या ट्रॉफीशेजारी ठेवली.

उड्डाणाला चार दिवस राहिले असताना आई गणपतीची आरास उतरवायला स्टुलावर चढली आणि खाली आली ती घोटा मोडूनच. डॉक्टर म्हणाले, तीन महिने विमानप्रवास नाही. मुक्काम वाढवून मागायचा फॉर्म असतो, तो मी छापून आणला. नवरा म्हणाला, मी भरतो. मी म्हणाले, राहू दे, मी भरते. त्यानंतर त्याला वाटलं मी भरला आणि मला वाटलं त्यानं भरला. आम्ही दोघंही इंजिनियर आहोत, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. आमच्या भरवशावर लोक ताशी सत्तर मैलांनी जातात.

फॉर्म सापडला मार्चमध्ये, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, पिझ्झाचं कूपन शोधताना. कोरा करकरीत. त्या रात्रीचं आमचं भांडण मी इथे लिहीत नाही. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला भांडताय? मी तर केव्हाच निघालेय."

आम्ही इमिग्रेशनच्या एका वकीलबाईंना गाठलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की मुदत संपून सहा महिन्यांच्या वर झालेत, आता आई देशाबाहेर पडली तर तीन वर्षं परत येता येणार नाही. पण ती रीतसर व्हिसावर आली होती आणि मी इथली नागरिक आहे, तेव्हा मी तिला ग्रीन कार्डासाठी स्पॉन्सर केलं तर जास्त राहिल्याचं माफ होतं. अट एकच. मुलाखतीत शपथेवर विचारतात, मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. 'हो' म्हटलं तर निभावतं. 'नाही' म्हटलं तर ती खोटी साक्ष, आणि मग सगळंच मुसळ केरात. सातारच्या बंद घरात एकटी आई आणि इथे मी, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

आई म्हणाली, "मग मी खरं तेच सांगेन. मी वेळेवर निघाले होते."

मी पंचांग काढून दाखवलं, की प्रस्थान काही दिवसच चालतं, सहा महिने चालत नाही. त्यावर, अमेरिकेत हवा थंड असल्यामुळे जास्त टिकतं, असं तिनं मला सांगितलं.

आता मला कळतं, तेव्हा कळत नव्हतं. आमच्याकडे लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून राहावं, पण मुक्काम ठोकू नये. जावयाच्या घरी राहिलेल्या बाईला लोक काय म्हणतात ते तिनं स्वतः म्हटलेलं होतं, दुसऱ्यांच्या आयांबद्दल. त्यामुळे शेजारी पुरचुंडी असेपर्यंत ती आमच्याकडे राहत नव्हती, वाटेत थांबली होती. दोन वर्षं होत आली तरी तिनं बॅग कपाटात रिकामी केली नव्हती.

मुलाखतीची तारीख आली तशी आम्ही तालीम सुरू केली. नवरा ऑफिसर झाला. हा आमचा मूर्खपणा. जावयानं प्रश्न विचारला की आई आधी उभी राहायची, मग पदर सारखा करायची, आणि मग चहा टाकू का म्हणून विचारायची. त्यानं आवाज चढवून विचारलं, की तुम्ही मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. तिचा चेहरा एवढासा झाला. "जास्त झालं का हो खरंच?" असं तिनं विचारलं. तो बिचारा नागपूरचा, पोटात एक नि ओठात एक नसलेला माणूस. तो म्हणाला, "नाही हो आई, मी तर ऑफिसर बनून बोलून राहिलो." तालीम तिथेच बंद पडली.

डेट्रॉइटच्या इमिग्रेशन ऑफिसात आम्ही तिघी आत गेलो, आई, वकीलबाई आणि मी. नवरा बाहेर बसला. ऑफिसर जाडजूड, दमलेला, हातात कॉफीचा मग. त्यानं शपथ घ्यायला सांगितली. आईनं हात असा वर केला, की मला वाटलं आता बाराखडी म्हणते. दुभाष्या नको, असं तिनं आधीच बजावलेलं. तिला कचेरीतलं इंग्रजी येत होतं, आणि ती प्रत्येक उत्तराची सुरुवात 'सविनय कळवते की' याच अर्थाच्या इंग्रजीनं करत होती.

मग तो प्रश्न आला.

आईनं पिशवीतून एक फाईल काढली. टॅग लावलेली. तिच्यात शेजारच्या आजींचं पत्र होतं, बँकेत जाऊन नोटरी केलेलं. मला या पत्राचा पत्ताच नव्हता. त्यात लिहिलं होतं, की अमुक तारखेला, म्हणजे मुदतीच्या आत, ही बाई आपल्या घरून निघून माझ्या घरी पोहोचली, आणि तेव्हापासून ती माझ्या शेल्फवर आहे.

वकीलबाईंनी डोळे मिटले. ऑफिसरनं पत्र दोनदा वाचलं. मग त्यानं विचारलं, शेल्फवर नक्की काय आहे. आईनं सांगितलं. तांदळापासून नाण्यापर्यंत, तपशीलवार. त्यानं कॉफीचा मग खाली ठेवला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "ते ठीक आहे, बाई. पण तुम्ही? तुम्ही स्वतः कुठे होतात?"

आईनं त्याच्यासमोरचं पत्र उचललं. तिनं ते परत फाईलमध्ये घातलं, टॅग ओवला, गाठ मारली. मी टेबलाखाली तिचा हात धरला.

"लेकीच्या घरी," ती म्हणाली. 'सविनय' वगैरे काही नाही. "पाय नाताळापर्यंत बरा झाला होता. कोरा फॉर्म ड्रॉवरमध्ये पडलेला मी पाहिला होता. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी तो भरला असता, आणि नवी मुदत संपली की तिकीट काढलं असतं. तिकडे माझ्या घरात कुणी नाही. मला जायचं नव्हतं." मग तिनं मान वर केली. "हा लेट मार्क माझा आहे."

ऑफिसरला लेट मार्क कळला की नाही कोण जाणे. त्यानं 'हो'च्या चौकोनात खूण केली. योगायोगानं त्याचं पेन लाल होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कारण त्या फॉर्मवरून मी नवऱ्याशी वर्षभर भांडत होते आणि ही समोर बसून शेंगा सोलत होती.

तीन आठवड्यांनी कार्ड पोस्टानं आलं. आईनं ते उलटसुलट करून पाहिलं, फोटो चांगला नाही म्हणाली, आणि चपला घालून शेजारी गेली. परत आली ती हातात पुरचुंडी घेऊन. पण आत येईना. उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर उभी.

"प्रवासाहून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळतात," ती म्हणाली. "एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

घरात भाकरी नव्हती. मी टॉर्टियाचा तुकडा मोडला, पाण्याचा तांब्या घेतला, तिच्यावरून ओवाळून टाकला. शेजारच्या आजी आपल्या पोर्चमधून बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आई उजवा पाय टाकून आत आली आणि सोफ्यावर बसली.

नवरा आतून आला. तिच्या हातातली पुरचुंडी पाहून हसला आणि पाहुण्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "या आई. किती दिवसांचा मुक्काम?"

ती उठली नाही. पदर सारखा केला नाही. चहाचंही विचारलं नाही.

"राहायलाच आलेय," ती म्हणाली.