देवळाला छप्पर नको म्हणणाऱ्या वहिनी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात उभा होतो. मी बहुतेक वेळ उभाच असतो. बसलो की पाय हलत राहतात आणि शेजारच्या टेबलावरचे वैतागतात. फोन वहिनींच्या वाशीच्या शाळेतून होता. शिपाई घाबऱ्या आवाजात सांगत होते, "मॅडम तास घेऊन आल्या, स्टाफरूममधे खुर्चीत बसल्या… आणि उठल्याच नाहीत." माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतायत. आमच्या उषावहिनी शाळेत खुर्चीत बसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. रिक्षा मिळेना म्हणून मी चालत, मधूनच पळत शाळेत पोचलो. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आणि त्यांचा नवरा, माझ्याआधी आला होता. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मला बघून रडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "आमचं बोलायचं राहिलंय रे."

हे त्याचं बोलणं फक्त मला कळण्यासारखं होतं. कितीतरी महिने दोघांमधे अबोला होता आणि त्याचं कारण होतं एक देऊळ. ते बांधलं गेलं नव्हतं, वहिनींनी बांधू दिलं नव्हतं. आणि आता त्यांचे दिवसवार होऊन गेल्यावर दादा म्हणू लागला की तेच देऊळ, त्याच जागी, तिच्या नावाने बांधायचं. दारावर संगमरवरी पाटी लावायची. ज्या गोष्टीसाठी बाई नवऱ्याशी भांडली, तीच तिचं स्मारक म्हणून उभी राहणार… हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. जुईनगरहून बस पकडायची, कोपरखैरण्याला दादाकडे जायचं, काही न बोलता चहा पिऊन परत यायचं, असं चाललं होतं. बायको म्हणाली, एकदाचं काय ते सांगून टाका त्यांना, नाहीतर पास तरी काढा.

वहिनी मूळच्या सावंतवाडीकडच्या. शाळेत संस्कृत शिकवायच्या. घरात एका जागी थांबणं त्यांना माहीत नव्हतं. कणीक मळताना मधेच बाल्कनीत डोकावतील, तिथून बाहेरच्या खोलीत येऊन माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतील, आणि हाताला कणीक तशीच. या फेऱ्यांमधे शब्दांची चौकशी चाललेली असायची. कुठला शब्द कुठून आला, आधी कुठे राहायचा, याची त्यांना माणसांच्या माहेरासारखी माहिती असे. कोपरखैरण्याच्या त्या छोट्या घरात ते राहायला आले तेव्हा आमच्या आईचे देव कुठे ठेवायचे हा प्रश्न पडला होता. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले तर फोडणी उडायची. फळीवर ठेवले तर आईचा हात पोचायचा नाही. शेवटी फ्रीज आला आणि देव फ्रीजवर गेले. आई चिडली, याला काय मंदिर म्हणायचं का. वहिनी म्हणाल्या, "आई, मंदिर म्हणजे मुळात घरच हो. राहायची, थांबायची जागा. त्याच घराण्यातला मंदुरा शब्द, तो तर घोड्यांच्या पागेचा. देवबिव सगळे नंतर आले." आईने विचारलं, "म्हणजे माझ्या देवांनी पागेत राहायचं?" त्यावर सगळ्यात मोठ्याने वहिनीच हसल्या. मग देऊळ म्हणजे देवाचं कुळ, आमच्याकडे देवळाला राऊळ म्हणतात ते राजाचं कुळ, असं सांगत सांगत त्यांनी देव्हारा पुसला, फुलं वाहिली आणि आईला पाटावर बसवून स्वतः पोळ्या लाटायला गेल्या. आई होती तोवर तिला त्या आवडायच्या. मलाही फार आवडायच्या, हे आता लिहायला कसलाच संकोच वाटत नाही.

त्यांच्या सोसायटीच्या कंपाउंडमधे, बोनकोडे गावाच्या बाजूच्या भिंतीलगत, एक शेंदूर लावलेला दगड आहे. हा सगळा भाग पूर्वी गावाची भातशेती होती. शेतं सरकारने घेतली, वर बिल्डिंगा आल्या, दगड मात्र कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी हलवला नाही, भ्याले असतील. तो गावाचा बापदेव, शिवेचा राखणदार. बोनकोड्याच्या चांगुणाबाय दर रविवारी यायच्या, पाणी घालायच्या, तांदूळ वाहायच्या आणि दगडाशेजारी जमिनीवर बराच वेळ बसून राहायच्या. एकदा नव्या वॉचमनने त्यांना गेटवर अडवलं. वहिनी वरून ते बघून तशाच खाली उतरल्या आणि त्याला असं काही झापलं की पुढे तो चांगुणाबायना दुरूनच नमस्कार करायला लागला. त्या दिवसापासून वहिनींची रविवारची एक फेरी त्या भिंतीपाशी व्हायची. चांगुणाबाय त्यांना "मास्तरीन" म्हणायच्या. दोघी काय बोलत होत्या कोण जाणे, पण तिथे मात्र वहिनी बसायच्या. चक्क मांडी घालून.

सोसायटीचा चेअरमन दादा. त्याच्या डोक्यात आलं की हा देव बिचारा उन्हापावसात उघडा आहे, त्याला चांगलं देऊळ बांधून देऊ. दादाच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवर वडिलांचं नाव आहे. दादाला या नव्या शहरात आपलं म्हणून काहीच सापडत नव्हतं. सगळे सेक्टर, सगळे नंबर. लोकांनाही कल्पना आवडली, टाइल्सचे रंग ठरायला लागले. चांगुणाबायचा मुलगा बाळाराम, जो स्वतः आता बांधकामाचं मटेरियल पुरवायचा, तोसुद्धा म्हणाला, सिमेंट माझ्याकडून. गच्चीवर मीटिंग झाली. सगळे हो म्हणत असताना वहिनी उठल्या. मी त्या दिवशी जेवायला म्हणून गेलो होतो आणि मागे टाकीला टेकून उभा होतो.

त्यांनी सुरुवातच शब्दापासून केली. इंग्रजीत आपण टेंपल म्हणतो, तो शब्द रोमन लोकांचा; त्यांचा पुरोहित काठीने जमिनीचा एक तुकडा आखून घ्यायचा आणि त्यात उभा राहून वर उडणारे पक्षी बघायचा. तो आखलेला तुकडा म्हणजे टेंपल. भिंती नंतर आल्या, छप्पर त्याच्याही नंतर. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, त्यांच्याकडे आपल्यासारखा पाऊस नसेल." गच्चीभर हशा पिकला. वहिनीही हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, रोमन राहू द्या. ज्यांचा देव आहे त्यांना विचारलंय का कुणी?" बाळाराम म्हणाला, मी आहे ना. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नाही. तुमच्या आईंना."

चांगुणाबायना वर बोलावलं. त्या संकोचून जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या. "आमचा देव उघड्यावरचा हाय," त्या म्हणाल्या. "त्याला छप्पर चालत नाय. माझी सासू सांगायची. आता का चालत नाय ते मना ठाव नाय… तुमाला बांदायचा तर बांदा. मी येनार नाय मंग, एवढंच." बाळाराम वैतागला, आई जुन्या काळातली आहे म्हणाला. लोक कुजबुजले. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला आणि पुढची मीटिंग पाणीपुरवठ्यावरच संपली.

दादाला ते फार लागलं. चारचौघांत स्वतःच्या बायकोने आपल्याला तोंडघशी पाडलं, असं त्याने घेतलं. वहिनींचं म्हणणं, मी तुम्हाला नाही, देवळाला विरोध केला. दोघेही हट्टाला पेटलेले. मी त्यांच्या घरात असलो की माझा टेलिफोन व्हायचा. "भाऊजी, तुमच्या दादांना सांगा, भात निवतोय." दादा दोन हातांच्या अंतरावर बसलेला, आणि मी ते त्याला सांगायचं. तो म्हणायचा, "विचार तिला, लोणचं संपलं का." मी आधी हसण्यावारी नेलं. पण एकदा वहिनी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या आणि वाटेत म्हणाल्या, "भाऊजी, मला देवाचं काही पडलेलं नाही हो फारसं. चांगुणाबाय यायच्या थांबल्या तर ती जागा नुसता दगड होईल. ह्यांना हे कळत नाही असं नाही… कळतं म्हणून तर बोलत नाहीत." बस आली. त्या रस्ता ओलांडून भराभरा परत गेल्या, मागे वळून न बघता.

आणि आता दादा देऊळ बांधायला निघाला होता. सोसायटीत कुणाची विरोध करायची टाप नव्हती. गेलेल्या बाईच्या स्मारकाला नाही कोण म्हणणार? शेवटी एका संध्याकाळी मी बोललो. "दादा, वहिनींना हे नको होतं." तो फ्रीजवरच्या देवांपुढे निरांजन लावत होता. वात पेटेना. "माहिती आहे मला," तो म्हणाला. "मला काय कळत नाही? पण मग तिचं म्हणून मी जायचं कुठे? शाळेत जाऊन बसू? इथे घरात तर ती एका ठिकाणी कधी सापडलीच नाही…" मी काडी घेऊन निरांजन लावलं आणि शेवटची बस गाठली.

ठरल्याप्रमाणे एका रविवारी सकाळी गवंडी आला. दगड मधे धरून त्याने दोरी ताणली, चारी बाजूंनी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. पूजेचं सामान मांडलेलं होतं, भटजी यायचे होते. मी इकडून तिकडे फेऱ्या मारत होतो. तेवढ्यात गेटातून चांगुणाबाय आल्या. त्या मधले आठवडे उरणला मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, बाळारामनेही त्यांना काही कळवलं नव्हतं. त्यांनी दोरी बघितली, फावडी बघितली. रागावतील, परत जातील असं मला वाटलं. त्यांनी दादालाच विचारलं, "मास्तरीन कुठं हाय?"

दादा म्हणाला, "गेली."

कुठे, असं विचारायला त्यांचं तोंड उघडलं आणि दादाचा चेहरा बघून मिटलं. मग त्या रेघेच्या आत गेल्या, नेहमीच्या जागी खाली बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. त्यांच्याकडे रडताना गेलेल्या माणसाशी बोलतात. "माझे बाय, मना न सांगता गेलीस… माझेशी आता कोन बोलंल… जावयाला तापाचं कुटलं औषीद सांगलं व्हतंस, तो बरा झाला, ते तुला सांगाचा रायला…" आमच्या घरात असं कुणी रडलं नव्हतं. शाळेतून नेलं तेव्हा नाही, स्मशानात नाही, नंतर भेटायला आलेल्यांपैकीही कुणी नाही. खिडक्यांमधून माणसं बघायला लागली. मग दादाने चपला काढल्या, रेघ ओलांडली आणि चांगुणाबायच्या शेजारी, वहिनी बसायच्या तिथे, मातीत बसला. आणि पहिल्यांदा रडला. काय काय बोलत होता ते मी ऐकलं नाही, मुद्दाम लांब गेलो. पण बोलत होता, आणि ते आमच्यापैकी कुणाशी नव्हतं.

भटजी येऊन थांबले. गवंड्याने मला विचारलं, खड्डा कुठल्या कोपऱ्यातून घ्यायचा. मी म्हटलं, साहेबांना विचार. साहेब काही उठले नाहीत. ऊन चढलं तसा गवंडी दोरी गुंडाळून गेला.

आता मी रविवारी कोपरखैरण्याला जातो तो सकाळीच जातो. फक्की पावसाने, पोरांच्या खेळण्याने पुसली जाते; दादा कुठूनतरी आणून ती पुन्हा मारतो, वाकडीतिकडी. परवा सेक्रेटरी हातात पिशवी घेऊन बाजारातून येत होते. त्यांनी भिंतीपाशी थांबून सहज विचारलं, "चेअरमन, देवळाचं काम कधी सुरू करायचं?"

दादा रेघेच्या आत बसला होता. "झालं की," तो म्हणाला, आणि गेटातून येणाऱ्या चांगुणाबायसाठी थोडा बाजूला सरकला.