तेस्फायेंचं छोटं स्टूल

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाल तुम्ही. तरी सांगतो.

कोरोनाचं पहिलं वर्ष. हार्लेमच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करून करून माझी मान अशी आखडली की कोणी हाक मारली तर मी अख्खाच वळायचो. हे शेजारच्या बाल्कनीतल्या तेस्फायेंना सांगितलं. बहुधा रोजच सांगितलं. ते मूळचे इथिओपियाचे, निवृत्त बस ड्रायव्हर, फार सज्जन माणूस. एका सकाळी बेल वाजली. ते दीड मीटर लांब उभे आणि पायपुसण्यावर वीतभर उंचीचं कोरीव लाकडी स्टूल. मानेसाठी आहे, बरं वाटेपर्यंत राहू दे म्हणाले.

आता मानेसाठी म्हटल्यावर आयटीवाला काय करणार? लॅपटॉपखाली ठेवलं! पण ते वरून खोलगट, लॅपटॉप डुगडुगायला लागला. दोनच दिवसांत गणपती आले. आमचा चौरंग पुण्यात. माझ्या बायकोने, मंजिरीने, घरीच केलेली शाडूची मूर्ती त्या खोलगट भागात अशी बसली, जणू माप घेऊनच केलेली. पाच दिवसांच्या बाप्पाची यथासांग प्रतिष्ठापना झाली.

दुसऱ्या दिवशी तेस्फायेंनी बाल्कनीतून विचारलं, उपयोग होतोय का? म्हटलं, उत्तम! घरातले सगळे दोन वेळा त्याच्यासमोर उभं राहून गातो, फुलंही वाहतो. त्यांनी भुवया उंचावल्या. मग मान कशी आहे विचारलं. म्हटलं, तशीच.

"त्याच्यावर झोपतोस ना?"

"स्टुलावर?"

तेव्हा तो साठीतला माणूस बाल्कनीत आडवा झाला, मानेखाली मूठ धरली आणि मला दाखवलं. स्टूल कसलं, ती त्यांच्याकडची लाकडी उशी होती! त्यांच्या वडिलांच्या हातची. ते स्वतः रोज तिच्यावरच झोपायचे, आणि माझ्यापायी तीन रात्री त्यांना धड झोप नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंजिरीला म्हटलं, आत्ताच परत देऊया.

"विसर्जनाआधी मूर्ती हलवायची नाही," ती म्हणाली. "जा, तूच सांग त्यांना."

गेलो. दीड मीटरवरून सगळं कबूल केलं, बाप्पाचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला.

"राहू दे तिथेच," ते शेवटी म्हणाले. "एवढं मोठं डोकं घेऊन बसलाय, पण तक्रार नाही. तुझं एवढंसं, आणि मी रोज ऐकतोय."